फक्त पाहण्याची परवानगी

लाय कुओ-पिनने जुन्या पेटीची वायर काढली. आतला पंखा थोडा खरखरला आणि थांबला. टीव्हीखालच्या कप्प्यातून वर्षानुवर्षं येणारा तो आवाज बंद झाल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं.

"झाली का गप्प?" त्याच्या बायकोने, त्साय-युनने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"झाली. हिच्यातलं सगळं नवीनमध्ये आलंय."

"सातव्या महिन्यात घरात नवीन वस्तू आणू नये म्हणतात. एवढा महिना जाऊ द्यायचा होता."

"यंत्र मरताना महिना विचारत नाही," कुओ-पिन बोलून गेला आणि मग उगाचच वायरची गुंडाळी करत बसला. त्या घरात मरणाचा शब्द वर्षभर कोणी तोंडातून काढत नव्हतं. तो त्याच्याच तोंडून, तोही पेटीच्या निमित्ताने, असा सांडला.

त्साय-युन बांबूचे कोंब सोलत होती. ज्यांचे शेंडे उन्हाने हिरवे झाले होते, ते ती बाजूला काढत होती.

"हिरवे टाकून कशाला देतेस? उकळले की खपतात."

"कडू लागतात."

"यि-चेनला लागायचे. आपल्याला चालतात."

त्साय-युनने हिरव्या शेंड्यांचे कोंब सालींच्या ढिगात लोटले.

पेटीला नॅस म्हणतात. घरातले सगळे फोटो, विम्याचे कागद, मुलांच्या शाळेतल्या नाटकांचं चित्रीकरण असं जे जे साठवायचं ते तिच्यात असायचं आणि घरातला प्रत्येक जण आपल्या फोनवरून तिथे पोचायचा. शिन-चू शहरातल्या अर्ध्याअधिक घरांत अशी एखादी पेटी असते, कारण अर्ध्याअधिक घरांत चिपच्या कारखान्यातला एखादा माणूस असतो. कुओ-पिनची सारी हयात त्या कारखान्यातली यंत्रं सांभाळण्यात गेली होती आणि तो नुकताच निवृत्त झाला होता. माणूस निवृत्त झाला तरी खोड निवृत्त होत नाही. नव्या पेटीवर त्याने कारखान्यातल्यासारखं मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट उभं केलं, म्हणजे यंत्र गुणी बाळासारखं वागतं. पाकीट शिळं नाही ना, हेही मागची तारीख बघून तपासलं. मग तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला.

फायली आल्या होत्या, पण कोणी काय उघडायचं हे काही त्यांच्याबरोबर आलं नव्हतं. ते नव्याने ठरवायला लागणार होतं. जुन्या पेटीत सगळ्यांना सगळं मोकळं होतं. कोणीही कुठेही शिरावं, काहीही टाकावं, पुसावं. धर्मशाळाच ती. हे कधीतरी शिस्तीत आणायचं असं तो फार दिवस म्हणत होता. आता पडद्यावर तक्ता उघडला होता. आडवी माणसं, उभे फोल्डर, आणि तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीत तीनच पर्याय: पाहणे व ठेवणे, फक्त पाहणे, प्रवेश नाही.

आधी खाती उघडायची होती. स्वतःचं उघडलं, त्साय-युनचं उघडलं, ताइनानला नोकरी करणाऱ्या मुलाचं, चुंग-वेइचं उघडलं. मग त्याची बोटं थांबली. जुन्या पेटीत आणखी एक खातं होतं. पण ज्या माणसाला आता आत यायचंच नाही, त्याला खातं कशाला, असा सरळ कारखानी विचार करून तो पुढे गेला.

फोल्डर मात्र होतं. 'यि-चेन'. त्या फोल्डरवर त्याने गेल्या पावसाळ्यापासून एकदाही बोट ठेवलं नव्हतं. जुन्या आणि नव्या पेटीतला त्याचा आकार तेवढा जुळतोय ना हे त्याने बाहेरूनच पाहिलं. जुळत होता. अपघात झाल्यावर कारखान्यात पहिलं काम एकच असतं: ती जागा पिवळ्या पट्टीने बांधून घ्यायची, कोणी हात लावायचा नाही. मुलीचं जे उरलंय ते कोणाच्या चुकून लागलेल्या अंगठ्याने पुसलं जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्या ओळीत त्याने तिघांच्याही नावाखाली 'फक्त पाहणे' निवडलं.

"सगळं आलं?" त्साय-युन हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"सगळं."

"यि-चेनचंही?"

"तिचंही. तिच्या फोल्डरला कुलूप घातलंय. बघायचं, पण हात लावायचा नाही. कोणीच."

त्साय-युन पडद्याकडे बघत राहिली. हात कोरडे झाले तरी ती पुसतच होती.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

जेवायला बसण्याआधी टेबलावरच्या पदार्थांचा फोटो काढायची त्साय-युनला सवय होती. ती सवय कधी लागली ते कुओ-पिनला सांगता आलं नसतं. बाजारातल्या मैत्रिणींना पाठवत असेल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तो जेवायच्या काड्या पुढे करायचा आणि ती त्याच्या मनगटावर चापट मारायची, "थांब, आधी फोटो." तो चिडवायचा, "देवालासुद्धा इतकं थांबवत नाहीस." ती हसायची नाही, पण चापट मारायची. दुःखातल्या घरात तेवढीही करमणूक पुष्कळ होती.

नवी पेटी आल्यानंतर ती फोटो काढून बराच वेळ फोनमध्ये काहीतरी दाबत बसू लागली. सूप गार व्हायचं.

"काय अडतंय?"

"तुझी नवी पेटी माझ्याशी नीट बोलत नाही."

त्याने फोन घेतला आणि तिच्याच फोल्डरमध्ये एक फोटो टाकून बघितला. गेला. "हे काय, चालतंय की."

"आणि दुसरीकडे?"

"ज्याचं त्याने ज्याच्या त्याच्या घरात ठेवायचं. सगळ्यांचं एक वेगळं फोल्डर आहे, त्यात ठेव हवं तर. इतरांच्या घरात कशाला शिरायचं?"

त्साय-युनने फोन परत घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्या दिवसापासून फोटो बंद झाले. मग हळूहळू स्वयंपाकही. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून जेवणाचे कागदी डबे आणायला लागली आणि रबर काढून ते तसेच टेबलावर ठेवायला लागली. स्वतः दोन घास खायची. विचारलं तर म्हणायची, ऊन फार आहे. मनातलं काय ते, ताकास तूर लागू देत नव्हती. कुओ-पिनला वाटलं, वर्षश्राद्ध जवळ येतंय, त्याचं असेल. त्याचं तरी कुठे धड चाललं होतं?

यि-चेन गेली तेव्हा सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तिची स्कूटर चौकात उभी होती आणि मागून मालाची गाडी आली, यात रीत नव्हती, पण नंतरचं सगळं रीतीने झालं. लेकराच्या चितेला आईबापांनी जायचं नाही, म्हणून भट्टीपर्यंत एकटा चुंग-वेइ गेला आणि त्साय-युनला जावांनी दाराशी धरून ठेवलं. लेकरापुढे आईबापांनी उदबत्ती लावायची नाही, ताट ठेवायचं नाही, कारण मोठ्यांच्या आधी जाणं हा लेकराचाच अपराध. आणि लग्न न झालेल्या मुलीला माहेरच्या पूर्वजांच्या पूजेच्या टेबलावर जागा नसते. हे कुओ-पिनच्या थोरल्या भावाने, कुओ-शुंगने सांगितलं होतं. वाईट माणूस नव्हे, त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच त्याने सांगितलं. "टेकडीवरच्या देवळात अशा मुलींची सोय आहे. तिथे तिच्या नावाची पाटी ठेवू." सगळ्यांनी कुओ-पिनकडे पाहिलं होतं. कुओ-पिनने मान हलवली होती. ते मान हलवणं त्साय-युनने पाहिलं होतं, आणि त्यावर नवराबायकोत आजतागायत एक शब्द झाला नव्हता.

सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी इमारतीखालच्या फुटपाथवर टेबलं लागली. ज्यांना मेल्यावर खाऊ घालणारं कोणी नाही, ते या महिन्यात मोकळे सुटतात. त्यांना भुतं म्हणायचं नाही, भाऊमंडळी म्हणायचं, आणि पोटभर वाढून वाटेला लावायचं. प्रत्येक घराने आपापलं आणलं होतं. बिस्किटांचे पुडे, उकडलेली कोंबडी, फळं, थंड पेयांची खोकी. एका कडेला पाहुण्यांना हात-तोंड धुवायला पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल. चुंग-वेइ सुट्टी काढून आला होता आणि घडीचं टेबल त्यानेच खाली नेलं होतं.

कुओ-पिन पेयांचं खोकं खांद्यावरून उतरवत होता, तेव्हा टेबलाच्या टोकाला, बाकीच्या ताटल्यांपासून जरा वेगळा, हिरव्या काठाचा वाडगा त्याला दिसला. काठाचा एक कपचा उडालेला. त्यात गरम भात होता, भातात एक उदबत्ती खोचलेली आणि शेजारी बशीत बांबूचे कोंब, गार करून, पातळ चकत्या केलेले. घरात कितीतरी दिवसांनी काहीतरी शिजलं होतं, ते इथे आलं होतं.

"हा इथे कशाला आणलास?" त्याने बायकोला विचारलं.

"भात कशात घालू?"

"घरात दुसरे वाडगे नाहीत? हा यि-चेनचा आहे."

"माहीत आहे कोणाचा आहे ते."

"या लोकांच्यात ठेवतेस तिला? ती काय बेवारशी आहे?"

"हळू बोल. ऐकतात ते." त्साय-युनने उदबत्तीवरची राख सांभाळून बाजूला पाडली. मग तिने मान वर केली. "तूच सांग, कुठे ठेवू? टेबलावर जागा नाही म्हणाले तुझे भाऊ, तू मान हलवलीस. मी काही बोलले? मी माझी जागा शोधली. तीसुद्धा तू कुलूप घालून बंद केलीस."

"कसली जागा?"

पण वरच्या मजल्यावरची बाई काडेपेटी मागायला आली होती आणि त्साय-युन तिच्याशी बोलायला वळली. कुओ-पिन खोकं हातात घेऊन उभा राहिला. एरवी त्याने ते कुठे ठेवायचं हे कोणाला विचारलं नसतं, आता त्याला जागा सापडेना. धूर डोळ्यांत गेला म्हणून असेल, त्याला समोरचं नीट दिसेना.

ऊन कललं तसं कागदी पैसे जाळून झाले, टेबलं रिकामी झाली. फळं आणि कोंबडी परत घरात गेली. हिरव्या काठाचा वाडगा त्साय-युनने वर आणला, पण स्वयंपाकघरात नेला नाही. बाहेरच्यांपुढे ठेवलेला, म्हणून गॅलरीत, झाडांच्या कुंड्यांशेजारी ठेवला. चुंग-वेइ आणि कुओ-पिन घडीचं टेबल भिंतीशी उभं करत होते.

"बाबा, नव्या पेटीत ताईचं फोल्डर तुम्ही बंद केलंय का?" चुंग-वेइने विचारलं.

"बंद नाही. उघडून बघता येतं."

"बघता येतं हो. पण नवीन काही येत नाही त्यात."

"नवीन काय येणार आहे त्यात?"

चुंग-वेइ टेबलाचा पाय दुमडता दुमडता थांबला. बापाची थट्टा चाललीय की काय हे त्याने चेहऱ्यावर शोधलं.

"तुम्हाला खरंच माहीत नाही? मला वाटलं घरात माहीत आहे सगळ्यांना. मी तिकडे जेवताना रोज उघडतो ते. आई काय करतेय आज, ते बघत जेवतो. मध्येच येणं थांबलं. मला वाटलं आईला बरं नाही, तुम्ही सांगत नाही आहात." त्याने खिशातून फोन काढून बापाच्या हातात दिला. "बघा."

कुओ-पिनने बाहीने डोळे पुसले, चष्मा लावला.

त्यांचंच टेबल होतं. त्यांचंच जेवण. वाफवलेला मासा, आल्याचं सूप, सुकवलेला मुळा घातलेलं अंडं. पुढचा फोटो, तेच टेबल, दुसरं जेवण. पुढचा. पुढचा. प्रत्येक फोटोत, त्याच्या नजरेस कधीच न पडलेल्या बाजूला, फळांच्या टोपलीआड, हिरव्या काठाचा वाडगा होता, भाताने भरलेला, आणि त्याच्यावर काड्या आडव्या ठेवलेल्या. मासा हातातून निसटून खाली पडला होता, त्या दिवसाचा फोटो होता. ज्या दिवशी तो चिडून न जेवता उठला होता त्या दिवसाचाही होता. नव्या वर्षाच्या रात्रीचा होता, तेव्हा टेबलावर इतकं होतं की वाडग्याला जेमतेम जागा उरली होती. एका फोटोत खालच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा हात होता, काड्या पुढे केलेला, आणि हलल्यामुळे पुसट झालेला. थांब, आधी फोटो.

वर्षभर त्याच्या समोर बसून तिने मुलीला आधी वाढलं होतं आणि त्याला मागून. आणि तो तिला त्या फोटोंवरून चिडवत होता.

त्याने फोन परत केला. तो लॅपटॉप घेऊन बसला. यि-चेनचं फोल्डर उघडताना त्याला दिसलं की मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसता एक आकडा होता. ज्याचं खातं पेटीत नाही, त्याचं नाव पेटीला ठाऊक नसतं. ती त्याला आकड्याने ओळखते. कारखान्यात हे त्याने शेकडो वेळा पाहिलं असेल. नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या फायली असतात तशा, कोणाच्याच नाहीत.

त्याने यि-चेनचं खातं उघडलं. नाव टंकलं. पासवर्ड मागितला तेव्हा थोडा वेळ त्याला काही सुचेना. शेवटी लहानपणी तिला घरात जी हाक मारायचे ती लिहिली. फोल्डर तिच्या नावावर केलं. आकडा गेला, नाव आलं. मग त्साय-युनच्या नावाखाली 'फक्त पाहणे' होतं तिथे 'पाहणे व ठेवणे' केलं. क्षणभराने स्वतःच्या नावाखालीही तेच केलं. कामाला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीपायी पोरगी सातव्या महिन्यात दाराबाहेर राहिली होती.

जेवायला दुपारचीच कोंबडी परत गरम केली होती. तिघं बसली. चुंग-वेइने काड्या उचलल्या, बापाकडे पाहिलं आणि खाली ठेवल्या.

"फोटो काढ," कुओ-पिन म्हणाला.

त्साय-युनने त्याच्याकडे बघितलं नाही. "कशाला?"

"आता जाईल. मी नीट केलंय."

ती कोंबडीचे तुकडे मुलाच्या वाडग्यात घालत राहिली. घालून झाल्यावर म्हणाली, "मला वाटलं तुला कळलं. कळलं आणि रीतीविरुद्ध आहे म्हणून बंद केलंस."

"मला काही माहीत नव्हतं गं. शपथेवर सांगतो. मला काहीच माहीत नव्हतं."

"तेच तर," त्साय-युन म्हणाली.

खाली रस्त्यावर कोणीतरी राखेचं पिंप ओढत नेत होतं, तेवढा आवाज येत राहिला. कुओ-पिन उठला. गॅलरीत जाऊन त्याने वाडगा उचलला, त्यातला भात कुंडीत घातला आणि वाडगा नळाखाली धरला. बाहेर ठेवलेलं भांडं आत आणू नये असं बायको म्हणेल, याची तो वाट बघत होता. ती म्हणाली नाही. त्याने वाडगा स्वच्छ पुसून टेबलावर ठेवला, फळांच्या टोपलीआड नाही, पुढे, कोंबडीच्या ताटलीशेजारी. भाताचं भांडं पुढे ओढलं.

"आज नको वाढूस," त्साय-युन म्हणाली.

त्याचा हात तसाच राहिला.

"आज ती बाहेर जेवलीय. त्या सगळ्यांच्यात." तिने वाडगा उचलला, कपचा उडाला होता तिथे अंगठा फिरवला आणि रिकामाच परत टेबलावर, होता तिथेच ठेवला. "उद्या काढते फोटो."

चुंग-वेइ खाली मान घालून जेवायला लागला. कुओ-पिननेही घास घेतला.

"सकाळी बाजारात जाशील का?" थोड्या वेळाने त्साय-युनने विचारलं.

"जाईन. काय आणू?"

"कोंब आण. हिरव्या शेंड्याचे घेऊ नकोस, बघून घे. तिला कडू लागतात."

"बघून घेतो," कुओ-पिन म्हणाला.